शिंगं फुटलेली ऑस्टिन

"ही गाडी येत्या दसऱ्याला स्वतःच्या चाकांवर अंगणात उभी राहील!"

हे वाक्य मी बोललो. मी! ज्याने सगळी नोकरी वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढली! पाटी वाचकांसाठी होती. वाचक खुशाल गप्पा मारत आणि पाटी एकटा मी पाळत असे. घरी तर विचारूच नका. जेवताना मीठ हवं असलं तर मी मिठाच्या बरणीकडे नुसता बघत बसतो. कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येतं. असा माणूस उद्गारचिन्हासकट आख्खं वाक्य बोलला म्हटल्यावर माझ्या बायकोने, रुख्माबाईने, आधी मागे वळून पाहिलं. घरात दुसरं कुणी शिरलं की काय, अशी तिला शंका आली.

"अजी, तुमी बोलले का हे?"

"हो," मी म्हणालो. आवाज तोवर निम्म्यावर आला होता.

"बरं. मंग माह्यंबी आयकून घ्या. दसऱ्याले उभी राह्यली त राह्यली. नाई राह्यली, त दुसऱ्याच दिवशी गुलाब कबाडी येऊन घेऊन जाईन. त्याले सांगून ठेवते मी. मले त्या पडवीत गाय बांधाची हाय!"

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. नुकताच सेवानिवृत्त झालो होतो आणि बोरगाव मेघेतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक बेबी ऑस्टिन उभी होती. उभी म्हणजे, मागून चाकांवर आणि पुढून विटांवर. चौतीस सालची, विलायती, आणि वागायलाही विलायतीच. आमच्याशी तिने कधी आवाज काढला नाही. त्या बाबतीत आमचा स्वभाव जुळत होता.

आता तुम्ही म्हणाल, एका ग्रंथपालाकडे मोटार कुठून आली? पुस्तकांमुळे आली. गिरडजवळच्या एका मालगुजाराच्या घरची जुनी पुस्तकं काढायची आहेत असं कळलं, म्हणून मी पिशवी घेऊन गेलो. पुस्तकं होती, पण ती गोठ्यातल्या या मोटारीत रचून ठेवलेली होती. पुढच्या सीटवर इतिहास, मागच्या सीटवर कायदा, आणि स्टिअरिंगला टेकून कुठलासा शब्दकोश. मी एकेक काढायला लागलो, तेव्हा मालगुजाराचा मुलगा म्हणाला, "आता कायले काढत बसता, नानाजी? पेटीसकट न्या! आमचा गोठा मोकळा होईन."

नाही म्हणणं मला जमत नाही. पुढची चाकं नव्हती, म्हणून गाडीचं तोंड बैलगाडीवर टेकवलं आणि आम्ही निघालो. पुढून पाहणाऱ्याला बैलगाडी दिसे, मागून पाहणाऱ्याला मोटार. बाजूने पाहणारे मात्र काम टाकून पाहत. मी शब्दकोशात तोंड घालून चाललो होतो.

त्या पुस्तकांतच गाडीची माहितीपुस्तिका निघाली आणि माझा घात झाला. मी तिचं पारायण केलं. पुन्हा केलं. गाडीबद्दल मला सगळं ठाऊक झालं, फक्त चालवता येत नव्हती. ते काम ओमप्रकाशचं.

ओमप्रकाश म्हणजे वर्ध्यातला लोखंडी सामानाचा दुकानदार. वय माझ्याहून निम्मं, आवाज माझ्याहून चौपट. जुन्या इंग्रजी गाड्यांचं त्याला असं वेड, की गाडीचं नाव निघालं की गिऱ्हाईक खिळे हातात घेऊन उभं राही आणि हा दुकानाबाहेर! त्याच्या खिशात पैशाचं पाकीट एखादे वेळी नसे, पण तेलाची कुपी हमखास असे. दिसेल त्या आसाला तो तेल पाजत असे.

"नानाजी, फिकर नका करू," तो म्हणाला. "मालगुजार दिलदार माणूस होता. ज्यानं मांगलं त्याले गाडीतलं काई ना काई काढून देल्लं त्यानं. म्हणजे सामान जिल्ह्याबाहेर गेलं नाई. अपन ढूंढ निकालेंगे!"

आणि खरंच, त्याच्या राजदूत मोटारसायकलवरून आम्ही जिल्हा पालथा घातला. पुढचा दिवा एका भजनी मंडळाकडे सापडला. त्यात ते प्रसादाचे फुटाणे ठेवत. वेग दाखवणारी तबकडी एका केशकर्तनालयात भिंतीवर टांगलेली होती. "घडी हाय," न्हावी म्हणाला, "बंद हाय, पण मेड इन इंग्लंड!" रबरी फुग्याचा पितळी भोंगा मात्र जोरात होता. हिंगणीपलीकडे, जंगलाला लागून असलेल्या सावळधरा गावात तानबा नावाचा एक राखणदार तो वाजवून शेतातली रानडुकरं हाकलत असे. ओमप्रकाशने त्याला दुकानातला एक मोठा पत्र्याचा डबा आणि दांडकं देऊन भोंगा सोडवला. तेव्हा तानबा सहज म्हणाला, "चाकं पाह्यजे का? तारांचे? असे त आमच्या हिरालालशेठच्या नंदीले हायेत."

मी राजदूतवरून खाली उतरलो. खरं म्हणजे पडलो.

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी मिरवतात, दुसऱ्या दिवशी लहान पोरं आपापले लाकडी बैल चाकांवर ओढत नेतात. घरोघरी त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर चार पैसे, मिळतो. पण काही घरचे लाकडी नंदी खऱ्या बैलाहून उंच असतात. सावळधऱ्याचे किराणा दुकानदार हिरालालशेठ यांच्या वडिलांनी तसाच एक घडवून घेतला होता आणि त्याला पुढची दोन चाकं मालगुजाराने दिली होती!

नंदी वर्षभर कोठारात बंद. कुलूप उघडायचं ते तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, पूजा करून. शेठ भला माणूस. म्हणाला, "चाकंच त हायेत. ते बी जुने. तुमी नवे आणून द्या, पोळा झाला का काढून न्या. काऊन नाई देऊ?"

बस्! आणखी काय हवं? ओमप्रकाशने हातठेल्याची दोन नवीकोरी चाकं दुकानातून काढून ठेवली. मला करायचं एकच होतं: त्या दिवशी जायचं, माप बरोबर आहे का पाहायचं, पोळा संपेपर्यंत गप्प बसायचं. गप्प बसायचं! माझ्या जन्माची कमाई तीच होती. तुम्हीच सांगा, याहून सोपं काम मला कुणी दिलं असतं?

तान्ह्या पोळ्याला दुपारी आम्ही सावळधऱ्यात पोचलो. चौकात तोरण, मंडप, माईक, आणि मधोमध तो नंदी! अंगावर झूल, शिंगांना बेगड, आणि पुढे... ती चाकं! लाल रंग फासला होता, टायरांच्या जागी दोरखंड गुंडाळला होता. पण तारा त्याच, मधला तुंबा तोच! मागची दोन चाकं गावच्या सुताराने केलेली लाकडी होती. मी खिशातून टेप काढली, पिशवीतून भिंग काढलं आणि सरळ नंदीच्या पोटाखाली शिरलो. ओमप्रकाशने सवयीप्रमाणे चारही आसांत कुपी रिकामी केली.

"एकोणीस इंच!" मी पोटाखालून ओरडलो. "ओमप्रकाश, एकोणीस!"

बाहेर कुणीतरी खाकरलं. डोकं काढून पाहतो तर भोवती अर्धं गाव! पुढे गावचे सरपंच रामाजी हात जोडून उभे.

"या साहेब, या! आमी सकाळपासून वाट पाहून राह्यलो. वर्ध्याहून परीक्षक येनार, असं कळलतं. पन असे बारकाईनं तपासनारे येतीन, हे नोतं वाटलं!"

"नाही, म्हणजे मी..." मी म्हणालो.

"पाह्यलं का? जमिनीवर लोळून मोजते मानूस!" रामाजी गावाला म्हणाले. "मागच्या सालचे परीक्षक त खुर्चीवरून उठले बी नाई!"

"मी परीक्षक..." मी पुन्हा म्हणालो. पुढचा 'नाही' माझ्या तोंडातून नेहमीच उशिरा निघतो. तोवर गळ्यात हार पडला होता.

आणि मग जे सुरू झालं! हिरालालशेठच्या नंदीला टेप लावली, मग आमच्या बैलाने काय घोडं मारलं? गावातली सगळी पोरं आणि त्यांच्या मागे सगळ्या आया आपापले बैल घेऊन रांगेत!

"साहेब, याचेबी चाकं मोजा!"

"याच्या शेपटीले भिंग लावा जी, खरे केस हायेत!"

"अवं, सरक ना, साहेबाले दिसून नाई राह्यलं!"

खरे परीक्षक काही उगवले नाहीत, तेव्हा मी प्रत्येक बैल मोजला. दुसरं काय करणार? दोन इंची चाकं, अडीच इंची चाकं, खोडरबराची चाकं. अनुसयाबाई नावाच्या म्हातारीने तर मला बाहीला धरून मागे ओढलं. "आमच्या नलूचा राह्यला! मोठ्याइचे मोजता आन् गरिबाचं सोडता का?" नलूचा बैल मातीचा होता, त्याला सोड्याच्या बाटलीची बुचं लावली होती. मी भिंग लावून बुचाचं माप घेतलं. म्हातारी समाधानाने म्हणाली, "मानूस शिकेल हाय."

ओमप्रकाश कानाशी लागला. "नानाजी, मस्त चाललं! आता शेठच्या नंदीले पैला नंबर द्या, शेठ खूश, अन् चाकं आपले. पन एक ध्यानात ठेवजा, बोलू नका. नाव घ्या, खाली बसा."

"मी कशाला बोलतोय?" मी म्हणालो. आणि ते मला मनापासून वाटत होतं, हो!

व्यासपीठावर मला मधल्या खुर्चीत बसवलं. शेजारी हिरालालशेठ. समोर सगळं गाव. रामाजींनी सांगितलं, "साहेब पैला नंबर जाहीर करतीन. मंग मी शिट्टी वाजवीन. शिट्टी वाजली का पोट्टे नंदी ओढत उतारानं नाल्यापर्यंत नेतीन." आणि माझ्यापुढे माईक धरला.

"पहिला क्रमांक," मी म्हणालो, "हिरालालशेठ यांचा नंदी."

टाळ्या! इथे खाली बसायचं होतं. गुडघे वाकलेसुद्धा होते. पण रामाजी म्हणाले, "काऊन देल्ला, तेबी सांगा न साहेब! बाकीच्याइले समजू द्या!"

"चाकांमुळे," मी म्हणालो.

गाव गप्प झालं. आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझं पुढचं वाक्य ऐकायला थांबली होती! वाचनालयात चाळीस माणसं माझ्यासमोर बसत, पण सगळी पुस्तकात नाहीतर गप्पांत तोंड घालून. इथे सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. काय सांगू तुम्हाला, डोक्यात भांग चढावी तसं झालं.

"मित्रहो, ही साधी चाकं नाहीत! ही चाकं समुद्र ओलांडून आली आहेत! एकेक तार पाहा! कोळ्याने जाळं विणावं तशी विणलेली आहे! कारखान्याने ही करणं केव्हाच बंद केलं. मुंबई-कलकत्त्याचे श्रीमंत लोक अशा एका चाकासाठी वर्षानुवर्षं वणवण करतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. आणि तुमच्या गावात, एक नाही, दोन!"

"अरे बाप्पा!" कुणीतरी म्हणालं.

खाली ओमप्रकाश तोंडावर बोट ठेवून उभा होता. मला वाटलं, तो मागच्यांना गप्प करतो आहे. मी आणखी जोरात बोललो. त्याने गळ्यावरून आडवा हात फिरवला. मला वाटलं, घाम पुसतो आहे. शेजारी हिरालालशेठचे डोळे मोठे मोठे होत चालले होते, तेही मला कौतुकाचंच लक्षण वाटलं.

"याची जोडी," मी टाळ्यांच्या भरात ओरडलो, "या जिल्ह्यात फक्त एका ठिकाणी आहे. माझ्या पडवीत! दोन तुमच्याकडे, दोन माझ्याकडे! ही चाकं मोडणार नाहीत! नाल्यात टाका, दरीत टाका, मोडणार नाहीत!"

ओमप्रकाशचा धीर सुटला. मला थांबवायचा दुसरा उपाय न सुचून त्याने पिशवीतला भोंगा काढला आणि सगळा जीव एकवटून दाबला.

भोंऽऽऽक!

रानडुकरं पळवणारा भोंगा तो! म्हाताऱ्या दचकल्या, माईकने किंकाळी फोडली, आणि पोरांना वाटलं, या सालची शिट्टीच विलायती! त्यांनी दोर धरला आणि "होऽऽ" करून नंदी ओढला.

दर साली नंदी कुरकुरत, अडत, ढकलत निघे. पण या साली चारही आसांना ओमप्रकाशचं तेल होतं! नंदी असा निघाला, की दोर ढिला पडला. नंदी पोरांच्या पुढे! पोरं दोर सोडून बाजूला झाली आणि चौकातून नाल्याकडे जाणाऱ्या उतारावर आमची ऑस्टिन, म्हणजे शेठचा नंदी, सुसाट सुटला. झूल पंखासारखी उडत होती! बेगड चमकत होती! मागे पोरं, पोरांमागे आया, आयांमागे रामाजी शिट्टी फुंकत, त्यांच्यामागे धोतर सावरत शेठ, आणि सर्वांत मागे मी, गळ्यात हार आणि हातात माईक. वायर तुटली होती, हे मला बरंच पुढे गेल्यावर कळलं.

"धरा रे, धरा नंदीले!"

"धरू कसा, शेपूट हातात आली!"

वळणावर तानबा डबा बडवत आडवा झाला. डुकरं थांबतात, नंदी थांबला नाही. तो एका घराच्या मागे रचलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात शिंगांसकट घुसला आणि फक्त झूल बाहेर राहिली.

सगळ्यांनी मिळून ओढून काढला. सगळं गाव खाली वाकून पाहू लागलं. सुताराची दोन्ही लाकडी चाकं फुटून तुकडे तुकडे झाली होती. आणि पुढची दोन? रंगसुद्धा उडाला नव्हता! एक तार वाकली नव्हती!

"साहेबानं सांगतलंच होतं," रामाजी भारावून म्हणाले. "नाल्यात टाका, मोडनार नाई!"

अनुसयाबाईने पुढे होऊन चाकांना हळदकुंकू लावलं. सगळ्या बायांनी लावलं. ओमप्रकाशने घसा खाकरून हातठेल्याची नवी चाकं पुढे केली. "शेठ, ते ठरलं होतं न आपलं..."

हिरालालशेठने त्या चाकांकडे असं पाहिलं, की जणू तुपाच्या गिऱ्हाइकाने डालडा पुढे केला आहे. "ओमप्रकाशभाऊ, मस्करी करता का? समुद्रापलीकडचे चाकं! बडे बडे लोक ढुंढून राह्यले! आता त माह्या घरची लक्ष्मी हे." मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "बाकीचे दोन तुमच्या पडवीत हायेत म्हनले नाई का तुमी?"

म्हणालो होतो. माईकवर म्हणालो होतो!

परतीच्या वाटेवर ओमप्रकाश एक शब्द बोलला नाही. तो न बोलल्यावर कसं वाटतं, हे तेव्हा कळलं. वर्धा जवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "नानाजी, तुमी पाटी लावत जा. गळ्यात."

दसऱ्याच्या आठवड्यात मी जुन्या सवयीने वाचनालयात चक्कर मारून घरी आलो, तर पडवीत ऑस्टिन जमिनीला टेकली होती. मागची चाकं गायब! रुख्माबाई नवं लुगडं नेसून बसली होती.

"शेठ येऊन गेले. भला मानूस! म्हने, देवाच्या नंदीले मांगचे चाकं नाईत. देवाच्या कामाले नाई कशी म्हनू मी? लुगडं देऊन गेले, पेढे देऊन गेले."

"पण काढली कुणी?" मी विचारलं.

"ओमप्रकाशनं. तो म्हने, शेठ आपलं मोठं गिऱ्हाईक हाय."

मी बरणीकडे बघावं तसा गाडीकडे बघत बसलो. दसरा आला. आपट्याची पानं वाटली. गाडी काही स्वतःच्या चाकांवर उभी राहिली नाही. तिला स्वतःची चाकंच उरली नव्हती. शब्द गेला, गाडी जाणार! दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाब कबाडी बैलगाडी घेऊन हजर. मी आत जाऊन पुस्तकात डोकं खुपसलं. ओळी दिसत नव्हत्या.

"बाई, चाकं कुठी गेले?" बाहेरून गुलाबचा आवाज आला.

"देल्ले देवाले. काऊन?"

"अन् आता नेऊ कशी? पुढून बैलगाडीवर टेकवून मांगच्या चाकाइवर ओढत न्यायची ठरली होती न? आता हे उचलाले आठ हमाल पाह्यजे. हमालीच कबाडाच्या वर जाईन. ठेवा घरीच!"

बैलगाडी रिकामीच परत गेली. मी पुस्तकावरून हळूच पाहिलं. रुख्माबाई कमरेवर हात ठेवून ऑस्टिनकडे बघत होती आणि ऑस्टिन तिच्याकडे.

"तुमीच शिकवलं असन शेठले!" ती मला म्हणाली. मी नाही म्हणणार होतो. पण माझा 'नाही' नेहमीच उशिरा निघतो.

अजून गाडी तिथेच आहे. बंपरला गाय बांधलेली असते. पुढच्या सीटवर इतिहास, मागच्या सीटवर कायदा, आणि दुपारी स्टिअरिंगमागे शब्दकोश घेऊन मी. लोक विचारतात, "नानाजी, तुमची ऑस्टिन चालते का हो?"

चालते म्हणजे काय! वर्षातून एकदा, तान्ह्या पोळ्याला, सावळधऱ्याच्या उतारावरून, चारही चाकांवर! तिला शिंगं आहेत, एवढंच. दर साली मला परीक्षक म्हणून मानाने नेतात, हार घालतात, मधल्या खुर्चीत बसवतात. टेप लावून दिवसभर बैल मोजू देतात.

माईक तेवढा रामाजी स्वतःच्या हातात ठेवतात.